रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गर्भपिशवीची तपासणी किंवा ऑपरेशन: गोळी कधी थांबवायची, कधी परत सुरू करायची

“मॅडम, गोळी त मी आठ दिवसांपासूनच बंद करून ठेवली जी.” ऑपरेशनच्या तपासणीला आलेली बाई हे मोठ्या विश्वासानं सांगते, आणि तिच्या हृदयात धातूचा व्हॉल्व (झडप) असतो. कोणी सांगितलं बंद करायला? शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी तशीच केली होती म्हणून. काकूंची गोळी ॲस्पिरिनची होती, हिची असिट्रोम, म्हणजे वेगळ्याच गटातली.

ही झाली पहिली चूक. दुसरी हिच्याहून महाग पडते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: गोळी बंद करायची तारीख घरातल्या सगळ्यांना पाठ असते, परत सुरू करायची तारीख कुठंच लिहिलेली नसते. पिशवीच्या ऑपरेशनाचं डिस्चार्ज कार्ड मिळतं, त्यावर अँटिबायोटिक आणि कॅल्शियम असतं, असिट्रोम नसते. बाई नागपूरहून गोंदियाला, चंद्रपूरला परत जाते आणि दोन आठवडे गोळीविना राहते.

पाळीत जास्त अंगावरून जातं म्हणून काही तपासणी किंवा ऑपरेशन ठरलंय आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, अशांसाठी हा लेख आहे. खाली दिलेले दिवस आणि तास साधारण कसे असतात ते कळावं म्हणून आहेत. तुमच्या तारखा तुमचे डॉक्टरच लिहून देतील. त्या लिहून घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

टप्पा १: गोळी कोणती आणि कशासाठी, हे नक्की करा

“हार्टची लाल गोळी” असं सांगून भागत नाही. स्ट्रिप सोबत न्या, आणि नाव व मिलिग्रॅम दिसेल असा तुकडा न्या. असिट्रोम १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये येते आणि बऱ्याच जणींना सोमवार-बुधवार एक डोस, बाकी दिवस दुसरा असा असतो. तो जसाच्या तसा लिहा.

ढोबळ मानाने तीन गट आहेत. पहिला वॉरफॅरिन आणि असिनोकुमारॉलचा (हीच असिट्रोम). यांचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीनं मोजतात; आकडा जितका जास्त, तितकं रक्त पातळ. बहुतेकांना आयएनआर २ ते ३ लागतो, मायट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) जागी धातूचा व्हॉल्व असेल तर साधारण २.५ ते ३.५. दुसरा गट नव्या गोळ्यांचा: अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डाबिगाट्रान. यांना आयएनआर लागत नाही, पण किडनीचा रिपोर्ट लागतो. तिसरा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा. या गोळ्या प्लेटलेट्सवर काम करतात, त्यांचे नियम वेगळे. तिन्ही गटांना “पाच दिवस आधी बंद” हा एकच नियम लावणं, इथूनच सगळा गोंधळ सुरू होतो.

मग कारण. व्हॉल्व धातूचा की टिश्यूचा? मायट्रल की एऑर्टिक (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशी)? पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर कोणत्या महिन्यात? स्टेंट कधी बसवला? व्हॉल्वचं कार्ड घरात सापडत नसेल तर ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथून डिस्चार्ज समरीची प्रत मागवा. आठवडा लागला तरी चालेल.

> थांबा: रक्ताची गाठ होऊन तीन महिने झाले नसतील तर घाई नसलेलं ऑपरेशन शक्यतो पुढे ढकलतात. औषधी लेप असलेला स्टेंट बसवून सहा महिने झाले नसतील तरी तसंच, आणि हार्ट अटॅकनंतर बसवला असेल तर बहुधा वर्षभर. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ही तारीख आपणहून सांगा.

टप्पा २: “गोळीमुळेच जातंय” असं धरून बसू नका

गोळीनं पाळीतला रक्तस्राव वाढतो, हे खरं. रिव्हरॉक्साबानवर तो अपिक्साबानपेक्षा जास्त दिसतो, म्हणून कधी कधी गोळी बदलूनही काम होतं आणि ऑपरेशनची वेळच येत नाही. पण अनेकदा गोळी फक्त आधीच असलेला दोष उघडा पाडते: फायब्रॉइड, पॉलिप, ॲडिनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं), थायरॉइड. सोनोग्राफी झालीच पाहिजे. पंचेचाळिशीनंतर बहुतेक वेळा पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासतात. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्त दिसलं तर कोणतीही गोळी चालू असो, दोष गोळीला देऊन घरी बसू नका.

आणखी एक गोष्ट स्त्रीरोगाच्या ओपीडीतच घडते. पांढरं जातंय म्हणून मेट्रोनिडाझोल, खाज सुटते म्हणून फ्लुकोनाझोल. दोन्ही औषधांनी असिट्रोम-वॉरफॅरिनचा आयएनआर झपाट्यानं वर जातो. मायकोनाझोलची योनीमार्गात ठेवायची गोळीसुद्धा आयएनआर वाढवू शकते, आणि ती तर कोणी औषधात धरतच नाही. गेल्या पंधरा दिवसांत अशी काही औषधं घेतली असतील आणि त्यानंतर अंगावरून जाणं वाढलं असेल, तर आधी आयएनआर करा.

तपासण्यांची यादी: हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, फेरिटिन (लोहाचा साठा), आयएनआर (पहिल्या गटासाठी), क्रिएटिनिन (किडनी), टीएसएच (थायरॉइड), आणि मूल होण्याच्या वयात प्रेग्नन्सी टेस्ट. वॉरफॅरिन गटाच्या गोळ्या गर्भाला घातक असतात, त्यामुळे शेवटची तपासणी लाजून टाळण्यातली नाही. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलिंगची तपासणी पूर्वी झाली नसेल तर भुलीच्या आधी करून घ्या; भूल देणाऱ्यांना ती माहिती लागते, आणि सिकलसेलमध्ये रक्ताच्या गाठींचा धोकाही वाढतो.

हिमोग्लोबिन ७-८ वर असताना तारीख घेऊन बसण्यात अर्थ नाही. सलाइनमधून लोह दिलं तरी हिमोग्लोबिन वर यायला काही आठवडे जातात. ते आठवडे आत्ता सुरू करा.

> दुकानातून परस्पर घेऊ नका: रक्त थांबवायची गोळी. नावाच्या शेवटी ‘एमएफ’ असलेल्या गोळ्यांत बहुधा दोन औषधं असतात: ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, जे रक्ताची गाठ टिकवून धरतं, आणि मेफेनॅमिक ॲसिड, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत पोटातून रक्तस्राव घडवू शकतं. एकाच गोळीत दोन्हीकडून धोका. पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनसुद्धा परस्पर नको. मोठ्या डोसमध्ये तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. महालक्ष्म्या बसणार असोत की घरात लग्न असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका. हीच औषधं डॉक्टर विचारपूर्वक देऊ शकतात. तो निर्णय वेगळा.

टप्पा ३: नेमकं काय करणार आहेत, त्याचं नाव लिहून घ्या

“छोटंसं ऑपरेशन आहे” या वाक्यावर गोळीचा निर्णय होत नाही. कारण पाळीच्या तक्रारीवरचे उपाय रक्तस्रावाच्या हिशेबानं फार वेगवेगळे आहेत.

मिरेनासारखं हार्मोनचं साधन बसवणं आणि बारीक नळीनं अस्तराचा तुकडा घेणं, ही कामं बहुतेकदा गोळी चालू ठेवूनच होतात. आयएनआर ठरलेल्या मर्यादेत असला म्हणजे पुरे. व्हॉल्व असलेल्या बाईसाठी मिरेनाचा पर्याय पहिल्यांदा विचारात घ्यावा असं माझं मत आहे, कारण गोळी थांबवण्याचा प्रश्नच उरत नाही आणि पाळी काही महिन्यांत बरीच हलकी होते. सुरुवातीचे तीन ते सहा महिने मात्र थोडं थोडं लागत राहतं. तेवढ्यावर वैतागून साधन काढून घेऊ नका. आणि तांबी म्हणजे मिरेना नव्हे. तांबीनं पाळी वाढते.

दुर्बिणीनं पिशवी आतून पाहणं आणि क्युरेटिंग (अस्तर खरवडणं) यांत रक्तस्राव मध्यम-कमी. पॉलिप किंवा फायब्रॉइड कापणार असतील तर जास्त. अस्तर जाळण्याची प्रक्रिया ज्यांना पुढे मूल नको आहे त्यांच्यासाठीच असते, आणि त्यानंतरही गर्भनिरोध लागतोच. पिशवी काढणं हे मोठं ऑपरेशन, मग ते पोटावरून असो, खालून असो की दुर्बिणीनं. टाके बाहेरून लहान दिसले म्हणून आतली जखम लहान होत नाही.

भूल कोणती देणार, हेही इथंच विचारा. कमरेत सुई देऊन भूल द्यायची असेल तर मणक्यात रक्त साचू नये म्हणून गोळी जास्त आधी थांबवावी लागते. अपिक्साबान-रिव्हरॉक्साबान साधारण ७२ तास, उपचाराच्या डोसमधलं हेपॅरिनचं इंजेक्शन (गोळी बंद असताना तिच्या जागी कातडीखाली देतात ते) निदान २४ तास. क्युरेटिंगसाठी एक दिवस गोळी थांबवून आलेली बाई टेबलवर पोहोचते आणि तिथं कळतं की भूल कमरेतून द्यायची होती. मग तारीख रद्द, आणि गोळी परत कधी घ्यायची ते कोणालाच ठाऊक नाही.

टप्पा ४: एक कागद, तीन डॉक्टर

नागपुरात हार्टचे डॉक्टर धंतोलीत, स्त्रीरोगतज्ज्ञ सदरला आणि भूलतज्ज्ञ थेट ऑपरेशनच्या सकाळी भेटणार, असं सर्रास असतं. सरकारी दवाखान्यातही डागा हॉस्पिटलात (बायकांच्या सरकारी दवाखान्यात) दाखवणाऱ्या बाईचे हार्टचे कागद सुपर स्पेशालिटीत असतात. हे तिघं एकमेकांशी बोलतील असं धरून चालू नका. कागद तुम्हीच फिरवा.

एका कोऱ्या पानावर वरती गोळीचं नाव, डोस, कारण, शेवटचा आयएनआर. खाली या ओळी, आणि प्रत्येकीपुढे तारीख व वेळ:

१. शेवटची गोळी कोणत्या दिवशी, सकाळची की रात्रीची
२. मधल्या दिवसांत हेपॅरिनचं इंजेक्शन लागणार का. लागणार असेल तर पहिलं आणि शेवटचं कधी
३. आयएनआर कोणत्या दिवशी, आणि किती आला तर ऑपरेशन होईल
४. गोळी परत कधी, कोणत्या डोसनं
५. ऑपरेशननंतर इंजेक्शन कधी सुरू, कोणता आयएनआर आल्यावर बंद
६. तारीख रद्द झाली तर काय करायचं, आणि कोणाला फोन

सहावी ओळ रिकामी राहते आणि तीच घात करते. रक्ताची बाटली मिळाली नाही, मशीन बंद पडलं, ताप आला. ऑपरेशन “पुढच्या आठवड्यात” गेलं. बाई मात्र गोळी थांबवलेलीच ठेवते, सुरू करून परत थांबवायला नको म्हणून. रद्द झाल्याचं कळताच फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: आज रात्री गोळी घेऊ का?

टप्पा ५: थांबवणं

वॉरफॅरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात. असिट्रोम लवकर उतरते, म्हणून तिला साधारण दोन-तीन दिवस पुरतात. काही डॉक्टर आयएनआर पाहून थोडं आधी सांगतात. दोन्ही वेळा आदल्या दिवशी आयएनआर करतात आणि मोठ्या ऑपरेशनसाठी तो १.५ च्या खाली हवा असतो. अपिक्साबान आणि रिव्हरॉक्साबान छोट्या कामासाठी आधीचा एक दिवस, मोठ्यासाठी दोन दिवस बंद, आणि ऑपरेशनच्या सकाळी अर्थातच नाही. डाबिगाट्रानला किडनी कमी चालत असेल तर याहून जास्त दिवस. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस. ॲस्पिरिन बऱ्याचदा चालूच ठेवतात.

मधल्या दिवसांत हेपॅरिनचं इंजेक्शन सगळ्यांना लागत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे वॉरफॅरिन घेणाऱ्यांवर ब्रिज नावाची मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये तिचे निकाल आले: इंजेक्शन न देता गाठी वाढल्या नाहीत, दिल्यावर रक्तस्राव मात्र वाढला. पण त्या चाचणीत धातूच्या व्हॉल्वचे रुग्ण नव्हते. म्हणून “आता इंजेक्शन देत नाहीत म्हणे” हे ऐकीव ज्ञान मायट्रलच्या धातूच्या व्हॉल्वला लावू नका. नव्या गोळ्या घेणाऱ्यांना ऑपरेशनआधी हे इंजेक्शन सहसा लागत नाही.

नमुना पाहा. मायट्रलचा धातूचा व्हॉल्व, असिट्रोम रात्री, पिशवी काढायचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी. शेवटची गोळी सोमवारी रात्री. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी रात्री गोळी नाही. इंजेक्शन बुधवारी सकाळी व रात्री, शेवटचं गुरुवारी सकाळी. गुरुवारी रात्रीचं इंजेक्शन नाही, कारण शेवटच्या डोसनंतर २४ तास जायला हवेत. गुरुवारी दुपारी आयएनआर. बाहेरगावहून येणाऱ्यांनी बुधवारीच नागपूर गाठावं आणि आयएनआर शक्यतो जिथं ऑपरेशन आहे तिथल्याच लॅबमध्ये करावा.

या आठवड्यात पालक, मेथी, अंबाडी अचानक बंद करू नका आणि एकदम वाढवूही नका. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करून दहाव्या दिवशी आयएनआर करायला गेलं तर आकडा भलताच येतो.

> तपासा: डब्यातल्या गोळ्या मोजा. घरात सून गोळी काढून देत असेल तर तिलाही तारीख सांगा. बाईनं बंद केलेली गोळी सुनेनं नेमानं चहासोबत दिली, असंही होतं.

टप्पा ६: इंजेक्शन घरी घेताना

हे इंजेक्शन पोटाच्या कातडीखालच्या चरबीत देतात, बेंबीपासून निदान दोन इंच लांब, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चिमटीत कातडी धरायची आणि सुई सरळ आत न्यायची. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नाहीतर डोस सांडतो. डॉक्टरांनी अर्धीच सिरिंज द्यायला सांगितली असेल तर कसं मोजायचं ते त्यांच्यासमोर करून पाहा. टोचल्यावर चोळायचं नाही. निळसर डाग पडतो, तो चालतो.

गावातल्या दवाखान्यात “कमरेत देऊन टाकू” म्हणतील. नको. स्नायूत दिल्यावर आत रक्ताचा गोळा होतो. गोळीचा परिणाम असेपर्यंत दुखण्यावरचं इंजेक्शनही स्नायूत घेऊ नका.

नागपूरचा मे महिना ध्यानात ठेवा. ही इंजेक्शनं साधारणतः २५ अंशांखाली ठेवायची असतात आणि गोठवायची नसतात. पारा ४५ वर असताना एसटीच्या खिडकीजवळच्या पिशवीत ती टिकणार नाहीत, आणि बर्फाला चिकटवूनही नेऊ नका. खोक्यावरचं तापमान वाचा, थर्मासच्या पिशवीत कापडात गुंडाळून न्या.

टप्पा ७: ऑपरेशनची सकाळ

कागद हातात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. भूल देणाऱ्यांना दोन गोष्टी स्वतःच्या तोंडानं सांगा: शेवटची गोळी कधी, शेवटचं इंजेक्शन किती वाजता. बाकी त्यांचं काम.

टप्पा ८: परत सुरू करणं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, कारण ऑपरेशन झालं की सगळे सुटलो म्हणतात.

वॉरफॅरिन किंवा असिट्रोम बहुतेकदा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, नेहमीच्याच डोसनं सुरू होते. ती लगेच रक्त पातळ करत नाही. पूर्ण परिणामाला पाचेक दिवस लागतात, म्हणून लवकर सुरू केल्यानं टाक्यातून रक्त येईल ही भीती बरोबर नाही. इंजेक्शनचं तसं नाही, त्याचा परिणाम काही तासांत होतो. म्हणून पूर्ण डोसचं इंजेक्शन छोट्या कामानंतर साधारण २४ तासांनी, पिशवी काढल्यावर ४८ ते ७२ तासांनी. नव्या गोळ्याही तशाच झटपट काम करतात: क्युरेटिंगनंतर दुसऱ्या दिवशी, मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी.

चुका ज्या पुन्हा पुन्हा होतात:

चुकलेले दिवस भरून काढायला दुप्पट गोळी घेणं. कधीच नाही.

असिट्रोम सुरू झाली म्हणून त्याच दिवशी इंजेक्शन बंद करणं. आयएनआर ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत दोन्ही सोबत चालतात. इंजेक्शन महाग आहे, टोचून घ्यायचा कंटाळा येतो, तरीही. इंजेक्शन पाच दिवसांवर गेलं तर प्लेटलेट्स पाहायच्या का, ते विचारा.

याउलट, रिव्हरॉक्साबान सुरू झाल्यावरही इंजेक्शन चालू ठेवणं. इथं दोन्ही सोबत नकोत.

दुखलं की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. पॅरासिटामॉल घ्या, आणि तेही आठवडाभर रोज लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्यानंही आयएनआर वाढतो. डिस्चार्जमधलं अँटिबायोटिक संपेपर्यंत आयएनआर नेहमीपेक्षा लवकर-लवकर तपासा.

> डिस्चार्जआधी तपासा: कार्डावर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव, डोस आणि पुढच्या आयएनआरची तारीख आहे का? नसेल तर पलंगावरून उठू नका, लिहून मागा.

टप्पा ९: घरी गेल्यावर

पिशवी काढल्यावर सात ते चौदा दिवसांच्या सुमाराला पुन्हा रक्त जाऊ शकतं. नेमका तेव्हाच आयएनआरही वर आलेला असतो. थोडा तपकिरी स्राव चालतो. तासाला एक पॅड असे दोन तास सलग भिजले, मोठ्या गाठी पडू लागल्या, किंवा पोटात दुखून चक्कर आली, तर लगेच दवाखाना. अशा वेळी पुढची गोळी स्वतःच्या मनानं थांबवत बसू नका. आधी पोहोचा, तिथं आयएनआर पाहून ठरवतील.

जिची बीजकोशं शाबूत आहेत आणि गोळी चालू आहे, तिला पाळीच्या मधल्या काळात एका बाजूला अचानक जोरात दुखू लागलं तर ते गॅसचं समजू नका. बीज फुटताना तिथं पोटात रक्त साचू शकतं, सोनोग्राफी लागते.

गाठीची लक्षणं वेगळी: एकच पाय सुजणं, पोटरी दुखणं, धाप, छातीत कळ, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं. धातूचा व्हॉल्व असलेल्या बायकांना रात्री शांततेत त्याची टिकटिक ऐकू येते, काहींच्या नवऱ्यालाही येते. ती मंद झाली किंवा बंद वाटली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि तो कागद सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न शेवटची गोळी कधी घेतली हाच असणार.